बांगलादेशच्या सीमेवरचे रोहिंग्या आणि नागपूरकरांचं मत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या आमच्या वाचनालयात महिन्यातून एका रविवारी आम्ही वीस-पंचवीस जण जमतो आणि एका विषयावर बोलतो. रोहिंग्यांचा, म्हणजे म्यानमारमधून पळालेल्या, बहुतांशी मुसलमान असलेल्या समाजाचा विषय घेतला त्या दिवशी दोन तासांचं बोलणं चार तास चाललं. नंतरही फोनवर, जिन्यात, भाजीच्या ठेल्यापाशी लोक विचारतच राहिले. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझी आहेत आणि माझं मत मी त्यात लपवलेलं नाही.

ही सीमा नेमकी कोणती? आपली का?

नाही. ही सीमा बांगलादेश आणि म्यानमार, म्हणजे जुना ब्रह्मदेश, यांच्यातली आहे. लांबी सुमारे २७१ किलोमीटर, आणि तिचा दक्षिणेकडचा भाग म्हणजे नाफ नदी. अलीकडे बांगलादेशचा कॉक्स बाजार जिल्हा आणि त्यातले उखिया, टेकनाफ. पलीकडे म्यानमारच्या राखाइन प्रांतातलं माउंगडॉ. भारत-बांगलादेश सीमा याहून पंधरा पटीने लांब, ४,०९६ किलोमीटर आहे. आमच्या चर्चेत निम्मे लोक या दोन सीमांची सरमिसळ करत होते. बंगाल-आसामकडून होणाऱ्या घुसखोरीचा राग आणि नाफ नदीवरचं संकट हे दोन वेगळे विषय आहेत. ते वेगळे ठेवले नाहीत तर पुढचं सगळंच बोलणं फिसकटतं.

२०१७ मध्ये काय झालं होतं?

२५ ऑगस्ट २०१७ ला 'आर्सा' या रोहिंग्या सशस्त्र गटाने राखाइनमधल्या सुमारे तीस पोलीस चौक्यांवर आणि लष्कराच्या एका तळावर हल्ले केले. त्याला म्यानमारच्या लष्कराने दिलेलं उत्तर त्या गटापुरतं राहिलं नाही. गावंच्या गावं जाळली गेली, माणसं मारली गेली, बायकांवर अत्याचार झाले. काही महिन्यांत सात लाखांहून जास्त लोक नाफ ओलांडून किंवा डोंगरवाटांनी बांगलादेशात आले. असे लोंढे १९७८ मध्ये आणि १९९१-९२ मध्येही आले होते. त्यातले बरेच परत पाठवले गेले आणि पुन्हा आले.

आज तिथे दहा लाखांहून जास्त रोहिंग्या आहेत. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती. त्या हिशेबाने निम्म्याच्या आसपास नागपूर बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्यांत, मातीच्या उतारांवर राहतं आहे असं डोळ्यांपुढे आणा. कुतुपालाँग-बालुखाली या सर्वांत मोठ्या छावणीत सहा लाखांवर माणसं जेमतेम तेरा चौरस किलोमीटरमध्ये आहेत. पावसाळ्यात उतार खचतात. २२ मार्च २०२१ ला तिथे आग लागली तेव्हा एका दिवसात चाळीस हजारांहून जास्त लोकांच्या डोक्यावरचं छप्पर गेलं.

म्यानमार त्यांना बंगाली म्हणतो, बांगलादेश बर्मी म्हणतो. मग ते कुठले?

राखाइनचे. अराकान, म्हणजे आजचं राखाइन, हे १७८४ पर्यंत वेगळं राज्य होतं आणि तिथे मुसलमान वस्ती तेव्हाही होती. पुढे ब्रिटिशांच्या काळात भातशेतीसाठी चितगावकडून आणखी लोक गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि वाद घालणारे आपल्याला हवी तेवढी एकच उचलतात. म्यानमारच्या १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने देशाचे मूळ समाज कोणते हे ठरवलं. सरकार मानतं त्या १३५ समाजांत रोहिंग्यांचं नाव नाही. २०१५ मध्ये त्यांच्याकडची तात्पुरती पांढरी ओळखपत्रंही रद्द झाली आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत त्यांना मत देता आलं नाही.

त्यांची भाषा चितगावच्या बोलीला फार जवळची आहे. 'बघा, म्हणजे ते बंगालीच' असं म्हणणाऱ्यांना मी गोंदिया आणि बालाघाटचं उदाहरण देते. पोवारी दोन्हीकडे बोलतात. एकेकाळी दोन्ही मध्य प्रांतात होते, राजधानी आपलं नागपूर. १९५६ मध्ये मधून रेघ आली. बोली एक आहे म्हणून बालाघाटचा माणूस गोंदियाचा होत नाही, आणि त्याला हाकलण्याचा हक्कही कोणाला मिळत नाही.

बुद्धाला मानणाऱ्या देशात असं कसं होऊ शकतं?

हा प्रश्न नागपुरातच इतक्या कळवळ्याने विचारला जातो. आमच्या चर्चेत तो एका ताईंनी विचारला. दीक्षाभूमीवर दरवर्षी पाणीवाटप करणाऱ्या बाई, आवाज कापत होता. 'आमच्या धम्माचं नाव घेऊन?' एवढंच त्या म्हणाल्या.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा देणारे भदंत चंद्रमणी महास्थवीर मूळचे ब्रह्मदेशाचे. त्यांचा जन्म अक्याबचा. अक्याब म्हणजे आजचं सित्वे, राखाइनची राजधानी. ज्या प्रांतातून नागपूरच्या दीक्षेचा धागा येतो, त्याच प्रांतातून हे लोक पळाले. हे कळलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

उत्तर मला समजलं तेवढं सांगते. म्यानमारमध्ये विराथूसारख्या भिक्खूंनी आणि '९६९' सारख्या चळवळींनी मुसलमानांविरुद्ध उघड द्वेष पसरवला. लष्कराला तो सोयीचा होता. पण सगळे भिक्खू तसे नव्हते, आणि राखाइनचे बौद्धही सुखात नाहीत. तो देशातल्या सर्वांत गरीब प्रांतांपैकी एक आहे. राखाइन बौद्धांची 'अराकान आर्मी' त्याच लष्कराशी लढते आहे आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिने माउंगडॉ ताब्यात घेतलं. त्या लढाईत दोन्हीकडून रोहिंग्या भरडले गेले. २०२४ पासून आणखी लाख-दीड लाख लोक बांगलादेशात आले ते यामुळे.

शांततेचं नोबेल मिळालेल्या, तेव्हाच्या म्यानमारच्या नेत्या आंग सान सू ची डिसेंबर २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेल्या आणि म्यानमारच्या बाजूने उभ्या राहिल्या. रोहिंग्यांच्या वंशसंहाराचा हा खटला गांबिया या आफ्रिकेतल्या छोट्या देशाने भरला होता. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने म्यानमारला रोहिंग्यांचं संरक्षण करण्याचे अंतरिम आदेश दिले.

बांगलादेशातल्या लोकांचं मत काय आहे?

एक मत नाही, आणि जे होतं तेही बदललं. मला वाटतं, या विषयात शिकण्यासारखं सर्वांत जास्त इथे आहे.

२०१७ च्या त्या पावसात पहिली मदत स्थानिक लोकांनी केली. सरकार आणि संस्था पोचायच्या आधी उखिया-टेकनाफच्या गावकऱ्यांनी भात शिजवून वाटला, अंगणं उघडली, मशिदीत जागा दिली. १९७१ च्या मुक्तियुद्धाच्या वर्षी आपण असेच पळालो होतो, ही आठवण घराघरात होती. शेख हसीना यांचं सरकारही तेव्हा म्हणत होतं की सोळा कोटींना जेवू घालतो, तर या सात लाखांनाही घालू.

मग वर्षं गेली. त्या दोन उपजिल्ह्यांत स्थानिकांपेक्षा निर्वासितांची संख्या जास्त झाली. शेतावरच्या आणि रोजंदारीच्या मजुरीचे दर पडले, कारण छावणीतला माणूस कमी पैशांत चोरून काम करायला तयार. भाड्याचे, भाजीचे दर चढले. सरपणासाठी डोंगर उघडेबोडके झाले. छावणी हत्तींच्या वाटेवर उभी राहिली, आणि सुरुवातीच्या महिन्यांत हत्तींनी छावणीतली काही माणसं मारली. पुढे संस्थांनी घरोघरी गॅस दिला तेव्हा तोड कमी झाली. आपल्याकडे ताडोबाच्या भोवतालच्या गावांना विचारा, वनाच्या कडेला राहणाऱ्याला पहिला फटका बसतो तो कसा ते. ज्याने २०१७ मध्ये भात वाटला तोच माणूस २०१९ मध्ये 'आता परत पाठवा' म्हणत होता. त्याला मी निर्दयी म्हणणार नाही. त्याच्या मजुरीचं नुकसान कोणी मोजलं नाही आणि भरूनही दिलं नाही.

सरकारचंही धोरण आवळत गेलं. काटेरी कुंपण आलं, सिमकार्डांवर बंदी आली, बाहेर नोकरी करायला मनाई तर पहिल्यापासून होतीच. डिसेंबर २०२० पासून हजारो लोकांना बंगालच्या उपसागरातल्या भासन चर या गाळाच्या बेटावर हलवलं.

आणि नागपूरचं?

माझ्याकडे सर्वेक्षण नाही, माझ्याकडे माणसं आहेत.

या शहरात या विषयावरचं सर्वांत जाहीर मत संघाच्या रेशीमबागेतून आलं. ३० सप्टेंबर २०१७ च्या विजयादशमीच्या भाषणात सरसंघचालक मोहन भागवत यांनी रोहिंग्यांना आश्रय दिला तर रोजगारावर भार येईल आणि देशाच्या सुरक्षेला धोका होईल असं म्हटलं. हे मत नागपुरात अनेकांचं आहे आणि ते मनापासून आहे. मोमिनपुरा या मुसलमान वस्तीतल्या माझ्या ओळखीच्या घरांत त्याच महिन्यात मदतीसाठी पैसे काढले गेले, तेही मनापासून.

पण मला सर्वांत जास्त विचारात पाडलं ते जरीपटक्यातल्या एका काकांनी. त्यांचं कुटुंब फाळणीत सिंधमधून आलं. कराचीहून जहाजाने मुंबई, मग कल्याणची छावणी, मग नागपूर. काका तेव्हा सहा वर्षांचे. त्यांच्या देवघरात पितळेचा एक गडवा आहे, कडेला चेमटलेला. आईने वाटेत फक्त तो सोडला नाही, कारण पाणी त्यातच प्यायचं होतं. गडवा माझ्या हातात देत ते म्हणाले, 'त्या लोकांना उपाशी ठेवू नये बेटा. अन्न, औषध, सगळं पाठवावं.' मी विचारलं, इथे राहू द्यावं का? म्हणाले, 'नाही. इथे नको.' दोन वाक्यांमध्ये त्यांनी श्वासही घेतला नाही. मी विचारलं, काका, तुम्हालाही कुणी बोलावलं नव्हतं ना? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'आम्हाला कागद दिला होता. जमीन दिली, कर्ज दिलं. कागद आहे म्हणून आज मी नागपूरचा आहे. त्यांना कोण देणार?'

मला काकांचं सगळं पटलं नाही. पण 'नागपूरकर विरोधात आहेत' किंवा 'नागपूरकर दयाळू आहेत' असं एका ओळीत लिहिणाऱ्याने काकांना कुठल्या रकान्यात घालायचं ते आधी सांगावं.

मग सर्वेक्षणांवर विश्वास ठेवायचा की नाही?

आधी प्रश्न वाचा, मग ठेवा. 'घुसखोरांना परत पाठवावं का?' आणि 'जीव वाचवून आलेल्या कुटुंबाला परत पाठवावं का?' ही एकाच माणसाबद्दल विचारलेली दोन वाक्यं आहेत, आणि काकांनीच त्यांना वेगवेगळी उत्तरं दिली असती. उत्तर फोनवर घेतलं की घरी, शेजारी कोण बसलं होतं, छावणीची बातमी त्या आठवड्यात आली होती की स्फोटाची, यानेही टक्के हलतात. प्रश्नाचे शब्द न छापता फक्त टक्के छापले असतील तर ते मी बाजूला ठेवते.

भारतात किती रोहिंग्या आहेत? कायदा काय म्हणतो?

२०१७ मध्ये केंद्र सरकारने संसदेत दिलेला अंदाज सुमारे ४०,००० चा होता. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेकडे नोंदलेले त्याहून बरेच कमी. वस्त्यांची नावं येतात ती जम्मू, हैदराबाद, दिल्ली, हरियाणातलं नूह आणि जयपूरची.

१९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, बांगलादेशचीही नाही. आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही. कागद नसलेला परदेशी माणूस कायद्याच्या लेखी बेकायदा. आधी १९४६ चा विदेशी नागरिक कायदा होता, २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान हे तीनच देश आणि सहा धर्म आहेत. म्यानमारही नाही आणि मुसलमानही नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जम्मूत ताब्यात घेतलेल्या रोहिंग्यांच्या सुटकेचा आदेश द्यायला नकार दिला, पण ठरलेली कार्यपद्धती पाळल्याशिवाय त्यांना परत पाठवता येणार नाही असंही म्हटलं.

आणि हेही लक्षात घ्या: सप्टेंबर २०१७ मध्ये भारताने 'ऑपरेशन इन्सानियत' या नावाने विमानं आणि जहाजांतून बांगलादेशला धान्य पाठवलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये आसामच्या कोठडीतले सात रोहिंग्या मणिपूरच्या मोरेहून म्यानमारच्या हवाली केले. दिल्लीनेही काकांसारखंच केलं.

सुरक्षेची भीती खोटी आहे का?

नाही, आणि ती हसण्यावारी नेणाऱ्यांचं मला पटत नाही. आर्साच्या लोकांनी ऑगस्ट २०१७ मध्ये राखाइनमधल्या हिंदू गावकऱ्यांची सामूहिक हत्या केली, हे अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने तपास करून मांडलं आहे. छावण्यांत 'याबा' या नशेच्या गोळ्यांचा धंदा आहे, सशस्त्र टोळ्या आहेत. पण त्या टोळ्यांनी सर्वांत जास्त मारलं कोणाला? रोहिंग्यांनाच. परत जाण्यासाठी शांततेने काम करणारे त्यांचे नेते मोहिबुल्ला यांना सप्टेंबर २०२१ मध्ये छावणीतच गोळ्या घातल्या.

छावणीतले निम्म्याहून जास्त लोक अठरा वर्षांखालचे आहेत. चौकशी करायची तर माणसाची करा, नोंद करा, बोटांचे ठसे घ्या. नोंद झालेला माणूस सुरक्षेच्या दृष्टीनेही बरा. लपलेला माणूस टोळीच्या हाती लागतो.

'आपल्या कॉलनीत ब्लँकेट विकणारे रोहिंग्या आहेत' असा मेसेज आला. काय करावं?

आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर तो आला होता, फोटोसकट. फोटोतला माणूस दर डिसेंबरात सायकलवर ब्लँकेटं घेऊन यायचा. उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादकडचा, हिंदी बोलणारा, उधारी वहीत लिहून ठेवणारा. माझ्या सासूबाईंची जांभळी रजई त्याच्याचकडची. मेसेज आल्याच्या दुसऱ्या दिवशी फाटकावर पाच-सहा जणांनी त्याला अडवलं, आधार मागितलं. त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून ते काढून दाखवलं, तरी 'नकली असेल' म्हणून त्याला हाकलून दिलं. तेव्हा मी वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली उतरायला मला वेळ लागला, आणि उतरले तोवर तो वळणाच्या पलीकडे गेला होता.

संशय खरा वाटत असेल तर पोलीस ठाण्यात कळवा, ते त्यांचं काम आहे. मेसेज पुढे ढकलू नका. फोटोची तारीख आणि जागा शोधून पाहायला दोन मिनिटं लागतात. असे कित्येक व्हिडिओ दुसऱ्याच देशातले, दुसऱ्याच वर्षीचे निघतात.

१९७१ मध्ये आपण कोटभर लोक सांभाळले. तेव्हा लोकांना ते चाललं कसं?

आजोबांच्या ट्रंकेत त्या काळचा एक लिफाफा आहे. नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं एक छोटं लालसर तिकीट, मुळात कुटुंबनियोजनाचं, आणि त्यावर काळ्या शाईत इंग्रजीत 'रिफ्यूजी रिलीफ' छापलेलं. नोव्हेंबर १९७१ पासून बहुतेक टपालावर ते जास्तीचं तिकीट लावावंच लागायचं. नागपूरहून अमरावतीला पत्र टाकणाऱ्या माणसानेही पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांसाठी पाच पैसे दिले.

तेव्हाही कुरकुर होती, महागाई होती, पश्चिम बंगाल आणि त्रिपुरा वाकले होते. पण दोन गोष्टी वेगळ्या होत्या. सरकार सांगत होतं की हे लोक परत जाणार आहेत. आणि युद्धानंतर बहुतेक जण खरंच काही महिन्यांत गेले. मदतीला शेवट दिसत असला की माणसाचा हात सैल सुटतो. कॉक्स बाजारमध्ये तो शेवट कुणालाच दिसत नाही.

त्याआधी पूर्व पाकिस्तानातून आलेले बंगाली आपल्या गडचिरोलीत, चामोर्शी-मुलचेरा भागात वसवले गेले ते आजही आहेत. गोंदियातल्या गोठणगावची तिबेटी वसाहतही आहे. विदर्भाला निर्वासित नवे नाहीत.

ते परत का जात नाहीत?

नोव्हेंबर २०१७ मध्येच दोन देशांत करार झाला. नोव्हेंबर २०१८ आणि ऑगस्ट २०१९ ला बस तयार ठेवल्या, कोणी चढलं नाही. नागरिकत्व नाही, गाव जळालेलं, मारणारे तिथेच. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि आता तिथे यादवी आहे. जायचंय सगळ्यांना. छावणीतला म्हातारा आजही आपल्या भाताच्या बांध्यांची नावं सांगतो.

मदत करायची असेल तर?

ओळखीच्या, हिशेब छापणाऱ्या संस्थेला द्या. परदेशी पैसे पाठवण्याचे नियम पाहा. आकडा हवा असेल तर एक सांगते: २०२३ मध्ये निधी आटला तेव्हा जागतिक अन्न कार्यक्रमाने माणशी महिन्याची मदत १२ डॉलरवरून आधी १० आणि मग ८ वर आणली, म्हणजे साधारण साडेसहाशे रुपये. पुढे ती पुन्हा वाढवली, पण दरवर्षी कपातीची टांगती तलवार असतेच.

तो ब्लँकेटवाला परत आला का?

नाही. सासूबाईंचे तीनशे रुपये त्याच्या वहीत बाकी आहेत. त्या दर डिसेंबरात विचारतात.